समोरच्या दाराची कडी

मागच्या अंगणातल्या फरशांच्या ढिगावर वाळत टाकलेलं पायपुसणं मृणालिनीने ओढलं, आणि ढिगातून कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला. क्षणभर तिला वाटलं, गॅस बंद करायला आपण विसरलोच. ती स्वयंपाकघराकडे वळणार, तेवढ्यात दोन फरशांच्या फटीतून काहीतरी काळपट, तेलकट असं वर आलं, वीतभर उभं राहिलं आणि रुंद झालं.

पायपुसणं हातात तसंच धरून ती आत आली. दार लावलं. वरची कडी घातली, खालची घातली. मग सुरुचीला बघायला धावली. सुरुची शाळेतून येऊन जेवली होती आणि पलंगावर पाय पोटाशी घेऊन झोपली होती. मृणालिनीने उगाचच तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

दार बंद होतं. खिडकीला जाळी होती. नाग बाहेर होता आणि त्या दोघी आत. पण हे असं सुटं सुटं तिच्या मनात आलं ते नंतर, बऱ्याच दिवसांनी.

गिरगावातल्या दोन खोल्या सोडून ते मीरा रोडला आले त्याला दीड वर्ष झालं होतं. तळमजल्याचं घर घेतलं ते या मागच्या पट्ट्यासाठी. बिल्डर त्याला गार्डन म्हणाला होता. तिथे तगर आणि कढीलिंब लावून झाल्यावर उरलेल्या जागेत ओट्याच्या कामातल्या शिल्लक फरशा, गिरगावहून आणलेला मोडका पाट, सिमेंटची रिकामी पोती असं सगळं साठत गेलं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे भाताची शेतं होती, त्यापलीकडे मिठागरं. दिवाळीच्या तोंडावर भात कापून झाला की उंदीर भिंतीला भोकं पाडून इकडे येत. "येत्या रविवारी हलवू फरशा," असं तिचा नवरा हरिश्चंद्र दर रविवारी म्हणायचा.

आता तो फोर्टातल्या ऑफिसात होता. घरात फोन नव्हता. अर्ज करून ठेवलेला होता. वॉचमन दुपारी जेवायला गेला की चारशिवाय उगवत नसे. ती जाळीला नाक लावून उभी राहिली. ढीग स्तब्ध होता. ते अधिकच वाईट होतं.

मग तिला समोरच्या खिल्लाऱ्यांची आठवण झाली.

नागोराव खिल्लारे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते आणि त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी असावी, कारण सकाळी शाळेत शिकवायला निघताना ती त्यांना कामावरून परतताना बघत होती. दोन्ही घरांची दारं समोरासमोर. मधे चार पावलांचा बोळ. पण येणं-जाणं दारापर्यंतच. हरिश्चंद्रने त्यांना एकदा जिन्याशी गाठून फोनचा नंबर कधी लागेल ते विचारलं होतं. वैशाख पौर्णिमेला त्यांची बायको वैजयंता, लेकीचा हात धरून, वाटीभर खीर घेऊन आली होती. सुरुचीला खोकला आहे, असं स्वतःला सांगत मृणालिनीने ती मोरीत ओतली होती, आणि वाटी रिकामी देऊ नये म्हणून तीत साखर घालून परत केली होती. खिल्लाऱ्यांच्या उघड्या दारातून समोरच्या भिंतीवरच्या दोन तसबिरी दिसत. त्यांच्याकडे लक्ष गेलं की ती नजर खाली घेऊन किल्ली शोधू लागायची.

तिने समोरच्या दाराची कडी वाजवली.

नागोरावांनी दार उघडलं. अंगात बनियन, डोळ्यांत झोप.

"भाऊ, जरा येता का? आमच्या मागे नाग निघालाय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागे वळून स्वतःच्याच घरात पाहिलं, जणू तिने दुसऱ्या कुणाला हाक मारली असावी.

"मला म्हणताय?"

"हो, तुम्हालाच. या ना."

"थांबा. शर्ट घालतो."

शर्टाची वरपर्यंत सगळी बटणं लावून ते आले. चपला दाराबाहेर काढल्या आणि उंबऱ्याशी थांबले. "या, या आत," ती दोनदा म्हणाली तेव्हा आले. बाहेरच्या खोलीतून जाताना कशाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी कोपरं अंगाशी धरली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांनी बराच वेळ बाहेर पाहिलं.

"कुठंय?"

"त्या फरशांमध्ये. एवढा मोठा फणा काढला होता."

"दार लावलंय ना तुम्ही. मग राहू द्या, मॅडम. जाईल तो आपला. पलीकडं शेतात उंदीर आहेत, तिकडंच जाईल."

"आणि नाही गेला तर? सुरुची सारखी तिथेच खेळते. घरात लहान मूल आहे हो."

"संध्याकाळी साहेब आले की बघू. चार माणसं असली म्हणजे..."

"तुम्हाला सवय असेल ना याची," मृणालिनी म्हणाली. "गावाकडे तुम्ही लोक असले साप रोज मारत असाल. आमचा जन्म गिरगावात गेला, आम्हाला काय कळतंय."

नागोरावांनी खिडकीवरची नजर काढली नाही. उजव्या हाताचा तळवा त्यांनी पँटला पुसला. मग म्हणाले, "काठी आहे का?"

काठी नव्हती. पडद्याचा एक जाड लाकडी दांडा माळ्यावर पडून होता, तो तिने दिला. त्यांनी मागच्या दाराच्या दोन्ही कड्या काढल्या, दार हळूच उघडलं आणि बाहेर पाऊल टाकलं. बाहेर गेल्यावर ते दार अर्धवट ओढून घेत होते, परत आत यायला वाट राहावी म्हणून असेल. मृणालिनीने ते आतून पूर्ण लावलं. कडी घातली.

खिडकीतून तिला त्यांची पाठ दिसत होती. अनवाणी पावलं टाकत ते ढिगाजवळ गेले. आधी त्यांनी पोती बाजूला केली, मग दांड्याने वरची फरशी सरकवली. ती खाली पडून फुटली. काही हललं नाही. दुसरी सरकवली. तिसऱ्या फरशीच्या फटीत दांडा शिरेना. तो फार जाड होता. त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला. मग ते वाकले आणि डाव्या हाताने फरशीची कड उचलली.

ते ओरडले नाहीत. हात मागे घेतला आणि गुलाब तोडताना काटा टोचल्यावर माणूस बघतो तसं बोटाकडे बघत राहिले. ढिगाच्या दुसऱ्या बाजूने नाग बाहेर आला, कुठलीही घाई न करता भिंतीच्या कडेने गेला आणि पावसाचं पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या भोकातून शेतात उतरला. त्या भोकाची वाट तो ढीग हलवण्याच्या आधीही मोकळीच होती.

दारावर टकटक झाली. हलकी, पाहुण्याने करावी तशी.

"मॅडम, दार उघडा."

"गेला का?"

"गेला."

"नक्की गेला? बघा हं नीट."

"हो." थोडं थांबून ते म्हणाले, "मला चावला वाटतं."

तेव्हा तिने कडी काढली.

डाव्या हाताच्या तर्जनीवर, दुसऱ्या पेराजवळ रक्ताचे दोन ठिपके होते. बोट सुजायला लागलं होतं. मृणालिनी चौथीला परिसर अभ्यास शिकवायची. सर्पदंशाचं चित्र तिने फळ्यावर कितीदा काढलं होतं: हात, दंशाची खूण आणि वर आवळलेली दोरी. पडद्याची नायलॉनची दोरी तिच्या हाताशीच होती. तिने बोटाच्या मुळाशी ती गुंडाळली आणि ओठ दातांखाली दाबून करकचून गाठ मारली. नागोरावांनी हात पुढे धरून ठेवला होता. "एवढी नको," असं काहीतरी ते म्हणाले. तिने आणखी एक गाठ मारली.

झोपेतल्या सुरुचीला उचलून तिने पहिल्या मजल्यावरच्या सुगंधाताईंच्या खांद्यावर दिलं आणि रस्त्यावर धावली. पलीकडच्या नव्या इमारतीच्या पायाशी जवळच्या पेणकरपाड्यातला टेम्पोवाला उत्तम रेती उतरवत होता.

"काय झाला?" त्याने विचारलं, आणि उत्तर ऐकून फावडं तिथेच टाकलं. "गाडीन बसवा त्यांना. बोरिवलीला नेऊ, इथं लस मिळंल का नाय, भरवसा न्हाय."

तिघं पुढेच बसले. उत्तम, मधे नागोराव, दाराशी ती. हायवेला लागल्यावर नागोराव म्हणाले, "मुलगी एकटी नाही ना घरी?"

"नाही. सुगंधाताईंकडे दिलीय."

"बरं केलं. ढिगात अजून एखादा असला तर."

चेकनाका मागे पडला. मृणालिनी खिडकीबाहेर बघत होती. त्यांच्याकडे बघितलं तर बोलावं लागलं असतं. नागोरावांचा श्वास आता ऐकू येत होता.

"वैजू म्हणायची नेहमी," ते म्हणाले. शब्द जड, ओले येत होते, दाढ काढून आलेल्या माणसासारखे. "शेजार चांगला आहे, पण हाक मारत नाहीत. आज तुम्ही मारली. मला वाटलं..."

पुढचं आलं नाही. तिने मान वळवली तेव्हा त्यांच्या पापण्या खाली येत होत्या. ते कपाळाला आठ्या घालून त्या वर उचलायला बघत होते आणि त्या उचलल्या जात नव्हत्या.

"झोपू नका दादा, बोलत ऱ्हावा," उत्तम म्हणाला आणि त्याने हॉर्नवर हात दाबून धरला.

*

वैजयंता बोरिवलीच्याच पोस्टात कामाला होती. निरोप मिळताच ती आली, पदर खोचलेला, शाईचे डाग पडलेले हात. नागोरावांना आत नेऊन बराच वेळ झाला होता. घशात नळी घातली होती आणि श्वास यंत्राने चालला होता, एवढंच मृणालिनीला कळलं होतं.

"कसं झालं?" वैजयंताने विचारलं.

ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. फक्त विचारत होती. उत्तर देणं सोपं होतं.

"मी नको म्हणत होते," मृणालिनी म्हणाली. "राहू द्या म्हणाले मी. पण ते म्हणाले, बघतो मीच."

वाक्य कुठून आलं ते तिला कळलं नाही. पण ते इतकं सरळ, अडखळल्याशिवाय आलं, की ऐकताना तिलाही ते खरं वाटलं.

"ते म्हणाले?"

"हो."

वैजयंता बाकावर बसली. तिने पदर सोडला, परत खोचला. "झुरळ दिसलं तर मला हाक मारतात ते," ती म्हणाली. "नांदेडला रेल्वेच्या क्वार्टरात वाढले. सासरे रेल्वेत होते. जिवंत साप त्यांनी जन्मात बघितला नसेल."

मृणालिनीने पर्स उघडली, आत काही शोधल्यासारखं केलं, बंद केली.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, दमलेले होते. लस सुरू आहे, आजची रात्र जाऊ दे, मग बोलू, असं म्हणाले. जाता जाता वळले.

"दोरी कोणी बांधली होती?"

मृणालिनीने पर्सचा बंद खांद्यावर सरकवला.

"अजिबात बांधायची नसते. हात न हलवता सरळ घेऊन यायचं. सगळं विष त्या बोटात अडकून राहिलं, रक्तही बंद. जीव वाचेल बहुतेक, बोटाचं सांगता येत नाही." मग त्यांच्या आवाजात रागापेक्षा कंटाळा आला. "आणि नाग दिसला तर दार लावून आत बसायचं. तो कुणाच्या घरी राहायला येत नाही. वाट मोकळी ठेवली की जातो."

वैजयंताने दोरी कुणी बांधली ते विचारलं नाही. ती मृणालिनीच्या हातांकडे बघत होती. गाठ आवळताना नायलॉनने मृणालिनीच्या दोन्ही तळव्यांवर लाल रेघा उमटवल्या होत्या. तिने हात पदराखाली घेतले.

*

नागोराव वाचले. यंत्र निघालं, ते बोलू लागले, उठून बसू लागले. तर्जनी मात्र काळी पडली होती, ती मुळापासून काढावी लागली.

ते इस्पितळात होते तोवर इमारतीत ती गोष्ट मजले चढत गेली. मृणालिनीने हरिश्चंद्रला पहिल्या संध्याकाळी सांगितलं तेच, वैजयंताला सांगितलं होतं ते. हरिश्चंद्रने कमिटीत सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. दोनदा फळं घेऊन तो इस्पितळात जाऊन आला. त्याच रविवारी त्याने फरशा, पोती, पाट सगळं टेम्पोत भरून हलवलं, भिंतीची भोकं सिमेंटने बुजवली, पाण्याच्या वाटेला जाळी लावली, गवत काढून टाकलं. कामाच्या मधे चहा घेताना तो कमिटीतल्या कुणाला तरी म्हणाला, "नागोरावांना नागच चावावा म्हणजे कमाल आहे," आणि सगळे हसले. मृणालिनी कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तीही हसली. लगेच थांबली, पण हसली होती.

सोसायटीने बोरिवलीच्या एका सर्पमित्राला बोलावलं. गच्चीवर सतरंजी घालून बायकापोरं बसली. त्याने चित्रं दाखवली. घराभोवती अडगळ साठवू नका, उंदरांना खाणं मिळू देऊ नका, अंधारात बॅटरी वापरा. साप दिसला तर मुलांना आत घ्या, दाराखालच्या फटीत कपडा कोंबा, लांबून लक्ष ठेवा, आम्हाला कळवा. मारायला जाऊ नका. सापाने चावलेली निम्मी माणसं त्याला मारायला गेलेली असतात.

"आमच्या खिल्लाऱ्यांना हे आधी सांगायला हवं होतं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि माना हलल्या. वैजयंता तेव्हा इस्पितळात होती. मृणालिनी पहिल्या रांगेत होती. तिने मान हलवली नाही. मान न हलवण्याने काय होत होतं?

सुरुचीने घरी आल्यावर विचारलं, "आई, मग काका बाहेर का गेले? दार तर बंद होतं ना?"

"जेव आता," मृणालिनी म्हणाली.

*

नागोराव घरी आले त्या रविवारी सकाळी इमारतीतली माणसं त्यांना बघायला गेली. मृणालिनी त्या घरात पहिल्यांदाच शिरली. आतून ते तिच्या घरासारखंच होतं, फक्त उलटं; तिचं स्वयंपाकघर डावीकडे होतं तर त्यांचं उजवीकडे. तसबिरींना ताजे हार होते. नागोराव खुर्चीत बसले होते, शर्टाची सगळी बटणं लावून, डाव्या हाताला पांढरं बँडेज. ते खंगलेले दिसत होते. माणसं बसतील तिथे बसली, उरलेली उभी राहिली. वैजयंता आतबाहेर करत चहा आणत होती.

तब्येतीचं बोलून झालं. मग सुगंधाताई म्हणाल्या, "पण काय गरज होती हो भाऊजी? बोलूनचालून नाग तो. वरून ही बिचारी नको म्हणत होती."

कपबश्यांचा आवाज तेवढा झाला. मृणालिनी दाराजवळ उभी होती. नागोरावांनी आता नुसतं वर बघितलं असतं तरी पुरे होतं. आणि त्याच वेळी, तिला नंतर आठवलं, आत कुठेतरी तिला वाटत होतं की बघावं त्यांनी, म्हणून टाकावं.

नागोराव बँडेजकडे बघत होते.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "मॅडम नको नको म्हणत होत्या."

"असू दे, असू दे. निभावलं त्यातून," हरिश्चंद्र म्हणाला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

वैजयंता ट्रे घेऊन मृणालिनीसमोर आली. मृणालिनीने कप उचलला. तो बशीत इतका खडखडला की दुसऱ्या हाताने धरावा लागला. वैजयंता तो स्थिर होईपर्यंत थांबली, मग पुढे गेली.

त्यानंतरचे दिवस मृणालिनीला काही सुचेनासं झालं. शाळेत सर्पदंशाचा धडा आला तेव्हा तिने फळ्यावर चित्र काढायला खडू उचलला आणि खाली ठेवला. "हे पान सोडा," ती मुलांना म्हणाली. बोळात पावलं वाजली की ती दाराआड थांबायची आणि समोरचं कुलूप लागल्यावर बाहेर पडायची. एकदा चुकून गाठ पडलीच. नागोराव कामावर निघाले होते. डावा हात खिशात होता. ते बाजूला सरून उभे राहिले आणि तिला आधी जाऊ दिलं.

*

शेवटी एका शनिवारी दुपारी ती गेली. वैजयंता अर्धा दिवस भरून घरी आली होती आणि उघड्या दारात, बोळातला वारा लागेल अशी, गवार मोडत बसली होती. नागोराव कामावर होते.

"मला तुमच्याशी बोलायचंय," मृणालिनी म्हणाली.

"बसा ना."

ती उंबऱ्याच्या आत, जमिनीवरच बसली. बोलायचं सगळं तिने रात्रभर जुळवलं होतं. "त्या दिवशी," तिने सुरुवात केली.

"त्यांनी सांगितलंय मला," वैजयंता म्हणाली. शेंगेचं टोक मोडलं, शीर ओढली, शेंग परातीत टाकली. "नळी काढली त्याच दिवशी. सगळं सांगितलं. आतून कडी लावली होती, ते पण."

मृणालिनीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वैजयंता दुसरी शेंग मोडत होती.

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर ते असं का म्हणाले?"

"मी म्हणाले त्यांना, असंच सांगा."

"तुम्ही?"

"त्यांना नव्हतं सांगायचं. ते म्हणत होते, मी गप्प बसतो, पण खोटं कशाला बोलू? दोन दिवस भांडलो आम्ही इस्पितळात." तिने शेंगांची मूठ परातीत सारखी केली. "मी म्हणाले, आपण घरी पोचायच्या आधीच सगळ्या बिल्डिंगला गोष्ट माहीत झालीय. आता आपण जाऊन वेगळं सांगितलं, तर कुणाचं खरं धरतील? तुम्हीच सांगा, तुमचं का आमचं?"

मृणालिनीकडे उत्तर होतं. ते दोघींनाही माहीत होतं.

"मी सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. "आजच सांगते. मीटिंगमध्ये उभी राहून सांगते."

"नका सांगू."

"पण हे असं..."

"तुम्हाला मोकळं वाटेल, ते कळतंय मला." वैजयंताच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मृणालिनीला बरं वाटलं असतं. "पण लोक काय म्हणतील, माहितीये? खिल्लाऱ्यांनी जाऊन बसून तुमच्याकडनं वदवून घेतलं. बोट गेलं त्याचं भांडवल करतात. मग परत आमच्याच दारावर येणार ते. आम्हाला इथं राहायचंय, ताई. पोरगी इथल्या शाळेत आहे."

ती ताई म्हणाली होती. एरवी म्हणत नसे. तो शब्द आपुलकीचा होता की नुसता समजावण्याचा, हे मृणालिनीला कळलं नाही, आणि विचारण्याची जागा तिने स्वतःच घालवली होती.

"मी काय करू मग?"

वैजयंताने विचार केला. खरंच केला, शेंग हातात धरून. "मला नाही सांगता येणार," ती म्हणाली.

मृणालिनी उठली. बोळातली चार पावलं ओलांडून स्वतःच्या दाराशी आली आणि किल्ली काढली. जिन्यावरून सुगंधाताई उतरत होत्या, हातात भाजीची पिशवी.

"खिल्लाऱ्यांकडे होतीस होय? कसे आहेत ते?"

"बरे आहेत. कामावर जातात."

"सुटले बाई एकदाचे." सुगंधाताईंनी आवाज खाली आणला, बोळात तो सगळीकडे ऐकू जातच होता. "गावाकडची सवय असते ना या लोकांना. म्हणून मग फाजील विश्वास. आपल्याला काय होतंय म्हणून घातला हात."

मृणालिनीने किल्ली कुलपात घातली. फिरवली नाही. मागे समोरचं दार उघडंच होतं आणि गवारीचा टक्, टक् असा बारीक आवाज चालू होता.

"नाही," ती म्हणाली. "त्यांना कसली सवय? ते नांदेडला रेल्वेच्या क्वार्टरात वाढले. त्यांनी कधी साप बघितलाही नव्हता. भीती वाटते त्यांना."

सुगंधाताई शेवटच्या पायरीवर थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं नवल होतं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "मग गेले कशाला?"

मृणालिनी सुगंधाताईंकडे वळली. तिच्या मागचा गवारीचा आवाज थांबला होता.